आराखड्याशिवाय मातीचं शिल्प: गोळ्यापासून भट्टीपर्यंत

मातीचा गोळा हातात घ्यायचा, काय होणार हे न ठरवता दाबत, ओढत, जोडत जायचं आणि आकार सुचेल तसा वाढू द्यायचा. ही काम करण्याची पद्धत फार आनंदाची आहे. पण अशी कामं मोडतात ती जवळजवळ नेहमी तीनच ठिकाणी: सांध्यात, तळाशी किंवा भट्टीत. आराखडा नसला की आकार पुढे कुठे वळेल हे आधी कळत नाही, त्यामुळे ऐनवेळी हिशेब करायला सवड नसते. भिंतीची जाडी, सांधा आणि वाळवण या तीन गोष्टी हाताच्या अंगवळणी पडलेल्या असल्या, तर मन आकाराकडे लागतं. म्हणून या लेखात त्या तिन्हींवर भर आहे.

नमुना म्हणून सुमारे ३५ सेंटिमीटर उंचीचं, आतून पोकळ, पायांवर किंवा सपाट तळावर उभं राहणारं एक शिल्प समोर धरू. चाक नको, साचा नको. दहा किलो ओली माती घ्या. शिल्पात सहा-सात किलो जाते, उरलेली आधार, घोळ (जोडणीचा दाट लगदा) आणि चाचण्यांना लागते.

माती

महाराष्ट्रात अनेकांचा मातीशी पहिला संबंध शाडूशी येतो. शाडूची गणेशमूर्ती भाजत नाहीत, त्यामुळे तिचा एखादा भाग भरीव राहिला तरी काही बिघडत नाही. भाजायच्या कामात मात्र भरीव भाग हाच सगळ्यात मोठा धोका असतो. शाडूची सवय असलेल्या हाताला हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

नवख्याने ग्रॉग असलेली तयार स्टोनवेअर माती, म्हणजे लाल मातीपेक्षा जास्त तापमानाला भाजायची माती, घ्यावी. ग्रॉग म्हणजे आधीच भाजलेल्या मातीचा चुरा. तो पुन्हा आकसत नाही, त्यामुळे एकूण आकस, म्हणजे आकुंचन, कमी होते. त्याच्या कणांभोवतीच्या बारीक फटींतून वाफेला बाहेर पडायला वाट मिळते आणि ओल्या भिंतीला कणा येतो. ग्रॉग नसलेली गुळगुळीत माती चाकावर छान चालते, पण उंच हातकामात बसकण मारते.

कुंभाराकडची लाल माती वापरायची असेल तर ती भिजवून तीन-चार दिवस ठेवा, पातळ करून ३० ते ४० मेशच्या (इंचाला तितकी भोकं असलेल्या) चाळणीतून गाळा आणि गोणपाटावर पसरून घट्ट होऊ द्या. त्यात ग्रॉग घालायचा तर जुन्या कौलांचा किंवा फुटलेल्या कुंड्यांचा चुरा चालतो. गव्हाच्या रव्यापासून ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्या आकारापर्यंतचे कण घ्या. त्याहून बारीक धूळ चाळून टाका, तिने माती नुसती रुक्ष होते. दहा किलो ओल्या मातीला दोन किलो चुरा पुरतो. चुरा आधी पाण्यात भिजवून निथळून घ्या, नाहीतर तो मातीतलं पाणी शोषतो आणि मळता मळता गोळा तडकायला लागतो. राजस्थानातल्या मोलेला गावचे कुंभार देवतांच्या मातीच्या फलकांसाठी मातीत गाढवाची लीद मिसळतात. लीदीतले तंतू भट्टीत जळून जातात आणि मागे राहिलेली छिद्रं वाफेच्या कामी येतात.

शेतातली काळी माती निव्वळ वापरू नका. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना इतकी आकसते की उन्हाळ्यात जमिनीला पडतात तशा भेगा शिल्पाला पडतात. दख्खनच्या मातीत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे चुनखडीचे खडे. भाजल्यावर खड्याचा चुना होतो, तो पुढे हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी धडधाकट दिसणाऱ्या शिल्पाचा टवका उडतो, मध्ये पांढरा ठिपका दिसतो. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फसफसलं तर चुना आहे, गाळणी आणखी बारीक घ्यावी लागेल किंवा माती बदलावी लागेल. प्लास्टर ऑफ पॅरिसचे कपचेही असाच घात करतात. प्लास्टरच्या साच्यांचं काम त्याच टेबलावर होत असेल तर टेबल आधी पुसून घ्या.

नवी माती आली की एक पट्टी करायची सवय ठेवा. सेंटिमीटरभर जाडीची पोळी लाटून तिच्यावर सुईने बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर ती ९.४ भरली तर वाळण्याची आकस ६ टक्के. भाजल्यावर ८.९ भरली तर एकूण ११ टक्के. म्हणजे ३५ सेंटिमीटरचं ओलं काम भट्टीतून सुमारे ३१ सेंटिमीटरचं बाहेर येणार. ही पट्टी त्या मातीच्या पिशवीलाच बांधून ठेवा.

मळताना दोन-दोन किलोचे गोळे घ्या आणि प्रत्येक गोळा पन्नास-साठ वेळा तळहाताच्या मुळाने पुढे ढकलून परत आपल्याकडे वळवा. कणकेसारखी घडी घालू नका, घडीत हवा अडकते. तारेने गोळा मधोमध कापून पाहा. पोत सारखा आणि भोकं नाहीत, म्हणजे झालं. शेवटी अंगठ्याएवढ्या जाडीची वळी, म्हणजे मातीची लांब दोरी, करून बोटाभोवती गुंडाळा. ती बाहेरच्या बाजूने फाटली तर माती कोरडी आहे, बोटाला चिकटली तर ओली.

हत्यारं फार लागत नाहीत. कापायची तार, सुई, जुना काटाचमचा, स्पंज, कोरायची लूपची कोरणी, लाकडी थापटणं, लवचिक पत्र्याची पट्टी, लाटणं आणि १० मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या. हाताने फिरवायचा पाट मात्र हवाच. शिल्प फिरलं नाही तर काम करणारा एकाच बाजूला खिळतो, आणि मग समोरून शिल्प आणि मागून भिंत असा प्रकार होतो.

हात मोकळा करणं

थेट मोठ्या कामाला बसू नका. तीनशे ग्रॅमचे सहा गोळे करा. गोळा एका तळहातावर ठेवा, दुसऱ्या हाताचा अंगठा मध्ये खुपसा, तळाशी बोटाच्या जाडीएवढी माती राहील इथपर्यंत. मग डोळे मिटा आणि दहा मिनिटं अंगठा व बोटांच्या चिमटीत भिंत दाबत गोळा फिरवत राहा. डोळे उघडे असले की हात लगेच वाटी करायला जातो. मिटले की बोटांना जाडी कळते, कुठे माती थंड आणि जड आहे, कुठे पातळ होऊन लवतेय, हे कळतं. काठ तडकायला लागला तर ओलं बोट फिरवा. पाणी ओतू नका. पाण्याने वरची माती निसरडी होते आणि आतली तशीच राहते.

सहाही झाले की ओळीत मांडा, उलटे करा, आडवे करा, एकावर एक ठेवा. त्यांतला सगळ्यात सुबक निवडायचा मोह टाळा. ज्याच्याकडे नजर परत परत जाते तो घ्या, आणि त्यातली एकच लकब उचला: एका बाजूला गेलेला तोल, पुढे आलेलं पोट, मुडपलेला काठ. मोठं काम त्या एका लकबीवर उभं करायचं. छोट्या नमुन्याची नक्कल करायला गेलात तर ते माप वाढवण्याचं काम होऊन बसतं, आणि हाताने शोधायचं सगळं आधीच संपलेलं असतं.

पोट पुढे आलेल्या आकारात किती जीव असतो हे पाहायचं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उदाहरण घ्या. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा, चार बुटक्या पायांचा, पोट पुढे आलेला मातीचा रांजण सापडला, आणि त्यात माणसाचं दफन होतं. भांडं आणि शरीर यांतलं अंतर त्या आकारात जवळजवळ उरलेलंच नाही. डोळे, नाक, हात नसतानाही आकार देहासारखा वाटू शकतो, हे इथे लख्ख दिसतं.

उभारणी

पाटावर फळी, फळीवर वर्तमानपत्राचे दोन थर. हा कागद विसरू नका. माती वाळताना आकसते आणि तळाला फळीवर सरकता आलं पाहिजे. फळीला चिकटलेला तळ जागचा हलत नाही आणि मधोमध चिरतो.

सपाट तळ हवा असेल तर दोन पट्ट्यांमध्ये माती लाटा, अधूनमधून उलटी करा, आणि पत्र्याच्या पट्टीने दोन्ही बाजूंनी दाबून घ्या. पाय हवे असतील तर तमिळनाडूतले कुंभार अय्यनार या ग्रामदेवतेचे भव्य घोडे करतात ती रीत धरा: आधी चार पोकळ पाय उभे करायचे, ते वरचं वजन पेलण्याइतके कडक होऊ द्यायचे, मग त्यांच्यावर पोट बांधत वर जायचं. आपल्या मापात पाय १२ मिलिमीटर भिंतीचे, आठ-दहा सेंटिमीटर उंच आणि खालून उघडे ठेवा. सगळे पाय एकाच दिवशी, एकाच मातीत करा. एक पाय काल केलेला आणि एक आजचा असला की दोघांची आकस वेगळी होते आणि शिल्प लंगडतं.

आता वळ्या. टेबलावर दोन्ही तळहातांनी लाटलेली, १५ मिलिमीटर जाडीची वळी घ्या. दाबून चपटी झाली की १० मिलिमीटरची भिंत मिळते. जोडणीवर सगळं अवलंबून आहे, म्हणून ती सावकाश पाहू. खालच्या काठावर काटाचमच्याने तीनेक मिलिमीटर खोल चरे पाडा, आधी एका दिशेने, मग आडवे. त्यावर घोळ लावा. घोळ म्हणजे त्याच मातीचे वाळलेले तुकडे व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात विरघळवून केलेला दह्याइतका दाट लगदा. नुसतं पाणी लावलं तर दोन्ही पृष्ठभाग ओले होतात, पण त्यांच्यात माती जात नाही, आणि वाळल्यावर तिथे केसासारखी रेघ उमटते. वळी ठेवून ती किंचित पुढेमागे घासत दाबा. सांध्यातून घोळाची बारीक कड बाहेर आली पाहिजे. कड आली नाही तर आत हवा आहे किंवा घोळ कमी पडलाय. मग आतून अंगठ्याने वरच्या वळीची माती खाली ओढा, आणि बाहेरून बोटाने खालची माती वर ओढा. एका बाजूने खाली आणि दुसऱ्या बाजूने वर ओढलं की दोन थर एकमेकांत विणल्यासारखे अडकतात. बाहेरच्या वळ्या तशाच दिसायला ठेवायच्या असतील तर निदान आतून तरी पूर्ण एकजीव करा.

वळीची दोन टोकं तिरकी कापून एकमेकांवर चढवा, आणि दर थराचं हे तोंड वेगळ्या बाजूला येऊ द्या. सगळी तोंडं एका रेषेत आली तर तिथेच उभी चीर जाते.

एका बैठकीत आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा उंच जाऊ नका. त्यापुढे खालची भिंत वजनाने फुगायला लागते. थांबा, वरच्या काठावर ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिक बांधा, खालचा भाग उघडा ठेवा. खालचं घट्ट आणि वरचा काठ मऊ असा फरक हवा, पण थोडाच. काठ चामड्यासारखा झाला असेल तर नवी वळी जोडण्याआधी त्याला ओलं फडकं गुंडाळून तासभर ठेवा. मुंबईत पावसाळ्यात या थांबण्याला अख्खा दिवस लागतो, विदर्भात एप्रिलमध्ये दीड तासही पुष्कळ होतो. घड्याळापेक्षा नखावर विसंबा. बोटाने दाबल्यावर भिंत दबत नाही पण नखाची खूण उमटते, ही चामड्याची अवस्था. ती वरचं वजन पेलते.

पोट फुगवायचं असेल तर बाहेर वळी लावू नका. भिंत चामड्याच्या थोडी अलीकडे असताना आतून मुठीने किंवा लाकडी चमच्याच्या पाठीने बाहेर ढकला, बाहेरून दुसऱ्या हाताचा तळवा टेकवून. आतून आलेल्या दाबाने पृष्ठभाग ताणलेला दिसतो, श्वास भरल्यासारखा. वरून चिकटवलेली माती नेहमी चिकटवलेलीच दिसते. हा फरक एकदा नजरेत बसला की भर घालायचा मोह आपोआप कमी होतो.

लोंबणाऱ्या भागाला आधार द्यायचा तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, ते भट्टीत जळून जातात. बाहेरचे टेकू त्याच मातीचे करा, म्हणजे ते शिल्पाबरोबरच आकसतात. तारेचा किंवा लाकडाचा सांगाडा आत ठेवू नका. माती आकसते, सांगाडा आकसत नाही, आणि भेग ठरलेलीच.

भिंत ८ ते १२ मिलिमीटरच्या दरम्यान राहू द्या. जाडीपेक्षा तिचा सारखेपणा महत्त्वाचा. तीस मिलिमीटरच्या खांद्याला सहा मिलिमीटरचा कान जोडला तर कान आधी वाळतो, आकसतो आणि मुळाशी सुटतो. शंका आली की सुई आरपार टोचून जाडी मोजा आणि भोक बुजवा. डोकं, गाठ, मूठ असा काही भरीव भाग झालाच, तर चामड्याच्या अवस्थेत तारेने दोन तुकडे करा, कोरणीने दोन्हींची आतली माती काढा, चरे-घोळ लावून परत जोडा. प्रत्येक बंद पोकळीला निदान तीन मिलिमीटरचं एक भोक हवं, खालून किंवा कुठल्यातरी घडीत लपवून.

पाहणं आणि बदलणं

हाताच्या ओघात केलेल्या कामात पाहण्याचा वेळ घडवण्याइतकाच लागतो. दर बैठकीच्या शेवटी पाट अष्टमांश फिरवत आठ बाजू पाहा. तीन मीटर मागे जा. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा, रंग गेला की सावल्यांचे आकार दिसतात. ज्या बाजूला पाहायला काहीच नाही तिथे पुढच्या वेळी काम सुरू करा.

एका बैठकीत एकच मोठा निर्णय घ्या. वळायचं, कापायचं, उघडायचं की बंद करायचं. दोन निर्णय एकदम घेतले की कोणत्यामुळे बिघडलं हे कळत नाही.

चामड्याची अवस्था ही बदलाची खरी वेळ. आकार एका बाजूला झुकवायचा असेल तर त्या बाजूची पाचर कापून काढा, इंग्रजी व्हीच्या आकाराची, रुंदीला दोन-तीन सेंटिमीटर. कडांना चरे पाडा, घोळ लावा, दाबून मिटवा, सांध्याच्या आत पातळ वळी भरा. सगळा आकार त्या दिशेला वाकतो आणि त्यात असा ताण येतो जो ओल्या मातीत कितीही वाकवलं तरी येत नाही. वरचा भाग आवडत नसेल तर तारेने सरळ उडवा, उलटा करून ठेवून पाहा. कापलेला तुकडा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, दोन दिवसांनी तोच दुसऱ्या जागी बसतो असं बरेचदा होतं. हिंमत करायची ती इथेच. वाळून पांढरट झालेल्या मातीला ओली माती जोडायचा प्रयत्न करू नका, ती धरत नाही.

थांबायचं कधी? दोन बैठका सलग फक्त गुळगुळीत करण्यात गेल्या तर काम आधीच पूर्ण झालेलं असतं.

पृष्ठभाग

बोटांच्या खुणा ठेवा. ओल्या स्पंजने सतत पुसत राहिलात तर वरची बारीक माती निघून जाते, ग्रॉगचे कण उघडे पडतात आणि पृष्ठभाग सॅंडपेपरसारखा होतो. गुळगुळीतपणा हवाच असेल तर पत्र्याच्या पट्टीने कोरडंच दाबा. पोत हवा असेल तर खादी, गोणपाट, पाट्याचा टाकी लावलेला दगड, नारळाचा काथ्या, सगळं चालतं.

मातीचा चमकदार लेप लाल मातीवर फार सुंदर दिसतो. लिटरभर पाण्यात चारशे ग्रॅम वाळलेली बारीक माती आणि तीन-चार ग्रॅम सोडियम सिलिकेट ढवळा, चोवीस तास हलवू नका. वरचं पाणी काढून टाका, मधला पातळ थर नळीने ओढून घ्या, खालचा गाळ सोडा. हा मधला थर पूर्ण वाळलेल्या शिल्पावर मऊ कुंचल्याने तीन-चार हात द्या आणि चमक उतरण्याआधी मऊ कापडाने घासा. १००० अंश सेल्सिअसच्या पुढे भाजलंत तर ही चमक मावळत जाते.

झिलईबद्दल, म्हणजे काचेसारख्या चकाकत्या लेपाबद्दल, आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या दहा शिल्पांना ती लावू नका. जाड झिलई बोटांच्या खुणा बुजवते. एकदा भाजलेल्या शिल्पावर कपभर पाण्यात चमचाभर लोहाचा लाल ऑक्साइड मिसळून फासा आणि ओल्या स्पंजने पुसा. खड्ड्यांत रंग राहतो, उंचवट्यांवरून निघतो, आणि हाताने केलेली प्रत्येक खूण वाचता येते. मॅंगनीज किंवा तांब्याचे ऑक्साइड वापरताना हातमोजे घाला आणि भट्टी चालू असताना त्या खोलीत बसू नका.

वाळवण

पंखा बंद. हवेच्या झोतात एक बाजू आधी वाळते आणि शिल्प त्या बाजूला ओढलं जातं. उन्हाचंही तेच. पहिले तीन-चार दिवस सगळं प्लास्टिकखाली ठेवा, म्हणजे जाड-पातळ भागांतला ओलावा समान होतो. मग रोज थोडं थोडं उघडा. कान, बोटं, काठ, टोकं शेवटपर्यंत झाकलेली असावीत. प्लास्टिकच्या आत जमलेले थेंब रोज पुसा, ते शिल्पावर पडले तर तिथली माती सुटते. चामड्यासारखं झालं की शिल्प उचलून जाळीवर किंवा दोन पट्ट्यांवर ठेवा, तळालाही हवा लागू द्या.

दहा मिलिमीटरच्या भिंतीला कोरड्या हवेत दोन आठवडे आणि कोकणच्या पावसाळ्यात महिनाभर लागतो असं धरा. वाळलं की नाही हे गालाला लावून पाहा. थंड लागलं तर आत पाणी आहे. याहून पक्की खूण वजनकाट्याची. लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरलं तर हवेत वाळायचं ते वाळलं.

वाळलेलं शिल्प घासायची हौस आली तर आवरा. मातीच्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसांत साठून सिलिकोसिस होतो. घासायचंच तर ओल्या स्पंजने, आणि जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

भट्टी

आतल्या हवेच्या बुडबुड्याने शिल्प फुटतं, असं सर्रास सांगतात. फोडते ती वाफ. पाण्याची वाफ झाली की तिला जागा हजारपटीहून जास्त लागते, आणि जाड भिंतीतून ती वेळेत निघाली नाही तर भिंत उडते. हवेचा बुडबुडा असूनही पूर्ण कोरडं काम सुखरूप निघतं. बुडबुडा नसलेलं भरीव पण ओलं काम फुटतं.

म्हणून विजेच्या भट्टीत सुरुवात ८० ते ९० अंशांवर, झाकण बोटभर उघडं, रात्रभर. सकाळी झरोक्यापाशी थंड आरसा धरा. त्यावर वाफ धरली तर अजून थांबा. मग तासाला ५० अंशांनी २०० पर्यंत, तिथून तासाला ८० ते १०० अंशांनी ६०० पर्यंत. ४५० ते ६०० च्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक बंधाने अडकलेलं पाणी निघतं आणि ५७३ अंशांवर क्वार्ट्‌झचे स्फटिक एकदम प्रसरण पावतात, त्यामुळे या टप्प्यात घाई नको. पुढे तासाला १२० अंशांनी १००० पर्यंत, शेवटी अर्धा तास तिथेच. ७०० ते ९०० दरम्यान झरोका उघडा ठेवा, मातीतला सेंद्रिय अंश तेव्हा जळतो. त्याला हवा मिळाली नाही तर भिंतीच्या पोटात काळा थर राहतो, आणि नंतर जास्त तापमानाला तिथे फोड येतात.

लाल मातीचं काम इथेच थांबतं. स्टोनवेअर पुढे १२०० ते १२५० अंशांवर, त्या मातीच्या पिशवीवर लिहिलं असेल तितकं भाजावं लागतं. तेव्हा माती मऊ पडते. बाहेर झुकलेल्या भागाखाली आधीच भाजलेल्या मातीचे टेकू ठेवा, आणि टेकूच्या टोकाला अॅल्युमिनाची पूड लावा, नाहीतर टेकू चिकटतो.

भट्टी नसेल तर आपल्या भागातल्या सिरॅमिक स्टुडिओत जागेनुसार पैसे देऊन भाजून मिळतं. विचारायला जाताना माती कोणती, भिंत किती जाड आणि किती दिवस वाळलंय हे सांगा. एका फुटलेल्या शिल्पाचे तुकडे भट्टीतल्या बाकीच्यांच्या कामावर जाऊन बसतात. कुंभाराच्या आव्यात भाजायचं असेल तर लाल मातीचंच काम द्या. तिथलं तापमान स्टोनवेअरला पुरत नाही. शिल्प आधी चुलीजवळ दिवसभर शेकून घ्या आणि मोठ्या मडक्यात ठेवून आव्याच्या मध्यात लावायला सांगा, म्हणजे थेट ज्वाळ लागत नाही.

१०० अंशांच्या खाली येईपर्यंत झाकण उचलू नका. गरम शिल्पावर गार हवा आली की टण्णकन आवाज होतो आणि तो ऐकल्यावर करण्यासारखं काही उरत नाही.

भेग वाचणं

काठाशी रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी भेग म्हणजे काठ फार लवकर वाळला. सांध्याच्या रेषेत भेग गेली असेल तर चरे उथळ राहिले किंवा दोन भागांचा ओलावा वेगळा होता. तळाच्या मध्यावरची भेग फळीला चिकटल्याची. सांध्याशी काही संबंध नसलेली, धारदार कडांची, लांब वळणावळणाची चीर निवतानाची असते. बशीसारखी टरफलं उडाली असतील तर ओलावा, आणि टवक्याच्या मध्ये पांढरा ठिपका असेल तर चुनखडी.

वाळलेल्या अवस्थेतच भेग दिसली तर कागदी माती कामी येते. टिश्यू पेपर गरम पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढा, घट्ट पिळा आणि दाट घोळात आकारमानाने पाव भाग मिसळा. भेग सुईने थोडी उघडून ओली करा, कागदी माती दाबून भरा, वाळली की पुन्हा एकदा भरा. ही माती दोन-तीन दिवसांत आंबून वास मारते, तेव्हा लागेल तेवढीच करा. भाजल्यावर दिसलेली भेग मातीने बुजत नाही. तिथे इपॉक्सीत त्याच भाजलेल्या मातीची पूड मिसळून भरावं लागतं, आणि असं शिल्प पुन्हा भट्टीत घालता येत नाही.

शिल्प गच्चीत किंवा अंगणात ठेवायचं असेल तर तळाखाली तीन लहान दगड टेकवा, म्हणजे पावसाचं पाणी खालच्या भोकातून निथळून जातं. १००० अंशांना भाजलेली लाल माती पाणी पिते, आणि सतत ओल्या राहिलेल्या तळावर पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरतं.